मशीनमागची टिकली

मला राग लवकर येतो. हे मी कौतुकानं सांगत नाही, आधीच सांगून टाकलेलं बरं, एवढंच. वडिलांचा राग आमच्या आळीत प्रसिद्ध होता. भावाच्या वाट्याला घर आलं आणि माझ्या वाट्याला तो राग. पुढे चाकणच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी लागली आणि त्या रागाला रोजचा खुराक सुरू झाला. पण ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले आहे त्या दिवशीचा राग अजून शमलेला नाही, आणि तो कुणावर काढायचा हे मला आता नेमकं माहीत आहे.

आमच्याकडे गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनतात. लाइनच्या शेवटी तपासणीचं टेबल आहे. भाग कॅमेऱ्याखाली ठेवायचा, समोरच्या स्क्रीनवर हिरवी चौकट आली की पेटीत टाकायचा, लाल आली की बाजूला काढायचा. या टेबलावर चार वर्षं एकच बाई बसत होत्या. चाकणजवळच्याच एका जुन्या गावातल्या, पन्नाशीच्या आसपासच्या, कपाळावर ठसठशीत लाल टिकली. सगळं शॉप, म्हणजे मशीनवर काम करणारा आमचा सगळा विभाग, त्यांना मावशी म्हणायचा, मीही म्हणायचे. त्या ठेकेदाराच्या कामगार होत्या. म्हणजे काम आमचं, कार्ड दुसऱ्याचं, आणि उद्या गेटमधून आत घेतील याची खात्री कुणाचीच नाही. त्या वर्षी मात्र आमच्या प्रॉडक्शनच्या साहेबांनी त्यांना शब्द दिला होता, की दिवाळीला कंपनीच्या रोलवर, म्हणजे कायम नोकरीत, घेतल्याचं पत्र देऊ. मावशींनी ते पत्र ठेवायला प्लास्टिकची फाइलसुद्धा आणून ठेवली होती. मला दाखवली होती त्यांनी ती.

त्या टेबलाचा कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. का, तर माझ्या आधी या खुर्चीवर असलेल्या पठ्ठ्याला तेच आवडायचं. त्यानं सगळं सुरेख बसवलं, एका ओळीचीही नोंद ठेवली नाही आणि हिंजवडीला निघून गेला. लिनक्सशी माझं भांडण नाही. चाललं तर वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतं. पण त्याचा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, बटणं, चित्रं दिसतात तो भाग, एकदा रुसला की समोर उरतो काळा पडदा आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. ती रेघ बघितली की मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

आता खंडेनवमीचं सांगते, कारण सगळं तिथेच झालं. माझे वडील आकुर्डीला दुचाकीच्या कारखान्यात टूलरूममध्ये होते. त्यांचा नियम असा की आपलं हत्यार आपल्या हातानं पुसायचं, आपल्या हातानं जागेवर ठेवायचं, आणि पूजा झाली की दसरा होईपर्यंत चालवायचं नाही. घरातला साधा पानासुद्धा त्या दिवसात ते शेजाऱ्याला देत नसत. मी कॉम्प्युटरवाली झाले तरी हत्यारवाल्याची मुलगी आहे. शॉपमधला प्रत्येक कॉम्प्युटर खंडेनवमीला मी स्वतः सोडवते, ब्रशनं धूळ झाडते, फडक्यानं पुसते, वायरी परत जोडते. साफसफाईच्या माणसांना हात लावू देत नाही. याचा मला अभिमान होता, आणि तो मी चारचौघांत बोलूनही दाखवायचे.

त्या वर्षी मावशींच्या टेबलाच्या कॉम्प्युटरचा डबा शेवटी राहिला. तिकडे गुरुजी येऊन बसलेले, साहेब घड्याळ बघतायत, कुणीतरी दोनदा येऊन "मॅडम, नारळ फोडायचा खोळंबलाय" म्हणून गेलं. मी डबा फिरवला, तर मागे वायरींच्या भोकांजवळ एक लाल टिकली चिकटवलेली. कपाळाची टिकली. माझं डोकं फिरलं. हळद-कुंकू पुढून लावा, हार घाला, पेढा ठेवा, पण मशीनच्या पाठीला टिकल्या कसल्या लावता? नखानं खरवडून ती काढली, मनातल्या मनात मावशींना दोन शब्द सुनावले, भराभर वायरी खुपसल्या, डबा भिंतीला लावला आणि पूजेला जाऊन उभी राहिले. चालू करून बघायला वेळ नव्हता, आणि एकदा पूजा झाल्यावर तर प्रश्नच नव्हता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला मावशींनी बटण दाबलं. सुरुवातीची पांढरी अक्षरं सरसर वर गेली, पडदा काळा झाला आणि कोपऱ्यात रेघ लुकलुकायला लागली. त्याच दिवशी दुपारी तीनला गिऱ्हाईक कंपनीची माणसं ऑडिटला येणार होती आणि त्यांना नेमकं हेच टेबल चालू स्थितीत बघायचं होतं. मी पोचले तेव्हा टेबलाभोवती सहा माणसं उभी होती आणि सहाही जण मला सल्ला द्यायला तयार होते. त्यांना आधी चार पावलं मागे हाकललं.

लिनक्समध्ये डेस्कटॉप दिसत नसला तरी आत जीव असतो. तीन कळा एकदम दाबल्या की नुसत्या अक्षरांचा पडदा येतो आणि तिथून हुकूम देता येतात. मी आत शिरले आणि डेस्कटॉप उठताना काय काय झालं याची नोंदवही उघडली. मशीन ती वही स्वतःच लिहितं. शेकडो ओळी होत्या, आणि त्यांत एका ओळीत साफ लिहिलं होतं की ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे डब्यातल्या चित्रं दाखवणाऱ्या वेगळ्या पाटीला, एकही स्क्रीन जोडलेली नाही. मी मोठ्यानं म्हणाले, "मग ही माझ्यासमोर काय आहे, परात?" कुणी हसलं नाही. मी वायर बघितली. स्क्रीनच्या बाजूनं घट्ट, डब्यामागे हात घालून चाचपली तर तिथेही घट्ट. म्हणजे मशीन खोटं बोलतंय, असं मी ठरवलं.

माझा संशय दुसऱ्याच गोष्टीवर होता. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी या डब्यावर अपडेट टाकला होता. अपडेटनंतर कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो बिघडणं हे काही नवीन नाही. मी फोनवर शोधायला लागले. जगभरातल्या लोकांचे काळे पडदे एकेका पानावर मांडून ठेवलेले. एकजण सांगतो हे काढून टाका, दुसरा म्हणतो खबरदार काढलंत तर. एकानं अगदी माझीच तक्रार लिहिली होती, शब्दाला शब्द, आणि खाली स्वतःच लिहिलं होतं, "झालं माझं, धन्यवाद." कसं झालं ते लिहिलं नव्हतं. तो माणूस कुठे राहतो हे कळलं असतं तर त्या दिवशी मी सुट्टी टाकून त्याच्या दारात गेले असते.

मावशी मागे उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या. "मॅडम, त्या मागच्या वायरीचं..."

"वायर मी बघितलीय, मावशी."

"तसं न्हाई, म्या काय म्हनते..."

"तुम्ही बाजूला बसा आणि तोंड बंद ठेवा. मला काम करू दे."

हे मी सहा माणसांसमोर म्हणाले. आवाज चढवून म्हणाले. मावशी पेटीवर जाऊन बसल्या आणि हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मला त्या बघण्याचाही राग आला.

नऊच्या सुमारास साहेब आले.

"काय झालंय?"

"डेस्कटॉप येत नाहीये, सर. बघतेय."

"येत नाहीये ते मला दिसतंय. तीन वाजता माणसं येणार, त्यांना काय काळा पडदा दाखवू? आणि बघतेय म्हणजे काय? कारण द्या. फॉर्म भरा आधी."

आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही कारखान्यात काम केलेल्या माणसाला हा फॉर्म माहीत असतो. काही बिघडलं की पाच वेळा "का" विचारायचं आणि पाचव्या उत्तराला मूळ कारण म्हणायचं. ऑडिटवाल्यांना बिघाडाचं एवढं वाटत नाही, पण फॉर्म कोरा दिसला तर ते चवताळतात. बिघाड सापडायच्या आत कारण लिहायचं, अशी ही उलटी तऱ्हा. मी लिहायला बसले. स्क्रीन का आली नाही? डेस्कटॉप उठला नाही म्हणून. का? त्याची फाइल खराब झाली म्हणून. का? आणि इथे माझा पेन थांबला. "अपडेटमुळे" असं मला वाटत होतं. पण अपडेट मी टाकला होता, आणि टाकताना कुणाची सही घेतली नव्हती.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आपण बोलण्याबद्दल म्हणतो. मी ते लिहून केलं. मशीन नीट बंद न करता थेट स्विच दाबला म्हणून. का? ऑपरेटरनं पद्धत पाळली नाही म्हणून. का? ऑपरेटर निष्काळजी. उपाय: ऑपरेटर बदलणे. सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली सही केली. मावशींनी मशीन कसं बंद केलं होतं हे मी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं.

साहेबांनी फॉर्म वाचला, ठेकेदाराला फोन लावला आणि माझ्यासमोरच म्हणाले, "ती तपासणीची बाई आजपासून नको. ऑडिटला दुसरं कुणी द्या." पाच मिनिटांत सिक्युरिटीचा माणूस आला. मावशींनी गळ्यातलं कार्ड काढून दिलं, जेवणाचा डबा पिशवीत घातला आणि माझ्या खुर्चीमागे येऊन क्षणभर थांबल्या. मी मान वर केली नाही. समोरच्या ओळी वाचत असल्यासारखं केलं. त्या गेल्या, आणि मला बरं वाटलं, की चला, मागे उभं राहून बघणारं कुणी नाही.

मग मी त्या कॉम्प्युटरचे जे हाल केले ते सांगायची लाज वाटते. नवा ड्रायव्हर काढला, जुना टाकला. रेघ लुकलुकतेच आहे. जुना काढला, त्याहून जुना टाकला, तर आता अक्षरंही धड दिसेनात. माझ्या आधीच्या पठ्ठ्यानं हातानं लिहिलेली एक फाइल होती, कोणतं कार्ड, कोणती स्क्रीन, सगळं त्यात. ती मी बाजूला काढून ठेवली आणि तिच्या जागी नेटवरून उतरवलेली दुसरी ठेवली. शेवटी त्याला फोन लावला. तो कॅबमध्ये होता, मागे हॉर्नचा कल्लोळ.

सगळं ऐकून तो म्हणाला, "केबल बघितलीस का?"

"बारा वर्षं झाली मला या कामात. मला तू केबल बघायला सांगतोस?"

"अगं चिडू नकोस, मी आपलं पहिलं विचारलं."

मी फोन ठेवून दिला. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी त्याच्याबद्दल पुटपुटले. त्याच्याबद्दल.

जेवायला गेले नाही. दीडच्या सुमाराला ठरवलं की पेनड्राइव्हवरून सगळंच नव्यानं टाकायचं. पुढचे सॉकेट धुळीनं नेहमी दगा देतात, म्हणून पेनड्राइव्ह मागे लावायला मोबाइलचा दिवा लावून तो दातांत धरून डब्यामागे वाकले. बोट कशाला तरी चिकटलं. खालच्या बाजूला, ग्राफिक्स कार्डाच्या भोकाशेजारी, डिंकाचा एक गोल डाग होता, त्यावर धूळ बसायला लागलेली. टिकलीएवढा डाग. आणि ते भोक रिकामं होतं. स्क्रीनची वायर त्याच्या वर, अगदी तशाच आकाराच्या दुसऱ्या भोकात, घट्ट बसलेली होती. ते भोक मदरबोर्डचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीचं. तिथे सुरुवातीची अक्षरं दिसतात, पण डेस्कटॉप कार्डावर उठतो, आणि कार्डाला तर काहीच जोडलेलं नव्हतं. मशीननं सकाळीच हे लिहून दिलं होतं. ही वायर तिथे कुणी खुपसली हे विचारायला मला कुणाकडे जायचं नव्हतं. मशीन पुसणारे हात माझे, जोडणारे हात माझे.

काखेत कळसा असूनही मी सहा तास गावाला वळसा घातला होता. पण गावाला वळसा घालताना वाटेत माणूस तुडवलं तर त्याला काय म्हणतात, ते आपल्या म्हणीत नाही.

वायर खाली लावली. तरी डेस्कटॉप आला नाही, कारण तोवर धडधाकट असलेलंही मी मोडून ठेवलं होतं. मूळ ड्रायव्हर परत टाकला, पठ्ठ्याची फाइल परत जागेवर ठेवली. अडीचला पडदा उजळला, कॅमेऱ्याचं चित्र आलं, भाग ठेवला तर हिरवी चौकट. शॉपमध्ये दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, चूक माझी होती. पूजेच्या वेळी वायर मीच चुकीची लावली. तो फॉर्म बदलायला हवा. मावशींना परत बोलवा."

"मशीन चालू झालं ना?"

"झालं. पण फॉर्म..."

"फॉर्म सिस्टीममध्ये चढलाय, बंद झालाय. ऑडिटच्या तोंडावर बंद रिपोर्ट उघडायचा? वेड लागलंय का तुम्हाला? नंतर बघू."

मी भांडायला हवं होतं. फालतू कारणावरून कँटीनवाल्याशी भांडणारी मी, रिक्षावाल्याशी भांडणारी मी, त्या केबिनमध्ये "बरं सर" म्हणाले. साहेबांचा राग येतो, पण तो सोपा राग आहे. तीनला ऑडिटवाले आले. टेबल बघितलं, फॉर्म मागितला, वाचला, आणि त्यांच्यातला एकजण माझ्याकडे बघून म्हणाला, "विश्लेषण छान केलंय. लोक सहसा उपायापर्यंत पोचत नाहीत." साहेबांनी मान डोलावली. मी थँक यू म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

पाच वाजता गेटवर गेले तर मावशी केव्हाच गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी टेबलावर नवी मुलगी बसली. ठेकेदाराला मी गाठलं, तर तो म्हणाला, "मॅडम, तुमच्याच कंपनीनं शेरा दिलाय. तो शेरा असताना मी तिला कुठल्या गेटवर उभी करू?" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण त्या म्हणीतला चोर फाशीच्या कागदावर स्वतः सही करत नाही.

दिवाळीच्या आठवडाभर आधी, रविवारी, मी त्यांचं घर शोधत गेले. मिठाईचा पुडा घेऊन गेले, जणू पुड्यानं काही होणार होतं. मावशी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या. मला बघून उठल्या, सुनेला चहा टाकायला सांगितलं, बसायला चटई दिली. मी बोलायच्या आत त्यांनीच विचारलं.

"मशीन चालतंय न्हवं आता?"

"चालतंय."

"टिकली तुमी काढली व्हय?"

"हो."

"पावसाच्या आदी फरशी रंगवली तवा टेबल हलवलं व्हतं. वायर लावताना तुमीच मला दावलं, मावशी, ही खालच्या भोकात, वरच्या न्हाई. दोन्ही येकसारखी दिसत्यात. इसरू नये म्हनून म्या टिकली लावली." त्यांनी दाणे सुपात टाकले. "त्या दिशी त्येच सांगत व्हते."

दाखवल्याचं मला तोवर आठवतसुद्धा नव्हतं. मी सांगायला लागले, की चूक माझी होती, साहेबांना सांगितलं, ठेकेदाराला सांगितलं, मला फार वाईट वाटतं. मावशी शेंगा सोलत ऐकत होत्या.

"सायेब काय म्हनले?"

"रिपोर्ट बंद झालाय म्हणाले."

"म्हंजी कागदावर आजून म्याच हाय."

"तुमचं नाव नाही, मावशी. नुसतं ऑपरेटर लिहिलंय."

त्यांनी पहिल्यांदाच हात थांबवला. "त्या टेबलावर दुसरी कोन बसत व्हती, बाई?"

सून चहा ठेवून गेली. मी कप उचलला नाही.

"म्या काय केलं, काय न्हाई, त्ये मला ठावं हाय," मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, असता तर मला तोंड देता आलं असतं. "मला हितं येऊन कशापायी सांगताय? जितं लिवलंय, तितं सांगा."

घरी येऊन मी पत्र लिहिलं. साहेबांच्या वरच्या साहेबांना, ठेकेदाराला आणि फॉर्मचं कौतुक करणाऱ्या त्या ऑडिटवाल्याला. तीन प्रती काढल्या, तिन्हींवर सही केली, सोमवारी द्यायच्या म्हणून पर्समध्ये ठेवल्या. सोमवारी वरचे साहेब रजेवर होते. मंगळवारी मला वाटलं, दिवाळी होऊ दे. दिवाळीत कंपनीनं रोलवर घेतल्याची सहा पत्रं वाटली. त्यानंतर बढतीच्या याद्या लागायच्या होत्या आणि त्यांत माझं नाव असल्याचं कानावर आलं होतं. याद्या लागल्या, माझं नाव होतं.

पुढच्या खंडेनवमीला मी नेमानं सगळे कॉम्प्युटर पुसले आणि घरी येऊन पर्सही झाडली. तळाशी ती तीन पत्रं निघाली, घड्यांवर फाटायला आलेली. तो फॉर्म आता नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवतात, आणि शिकवायला मलाच उभं करतात. मी पाच वेळा "का" विचारते आणि पाचवं उत्तर फळ्यावर लिहिते. आज हे सगळं इथे लिहून काढलं, एकही गोष्ट न लपवता. पण मावशींनी सांगितलेली जागा ही नाही, हे मला ठाऊक आहे. पत्रं पुन्हा पर्समध्येच आहेत.